निपोनाइटिसच्या मुलखात: होक्काइदोतले मोकळ्या वेटोळ्यांचे अमोनाइट

शनिवार, उएनो

तोक्योतल्या उएनोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात जपानी बेटांच्या इतिहासाचं दालन तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे फुताबासाउरस या लांब मानेच्या सागरी प्राण्याचा सांगाडा मांडलाय आणि बहुतेकांचे पाय त्याच्यापाशीच अडतात. बाबा मात्र त्याच्याकडे मान वळवून न बघता थेट अमोनाइटच्या, म्हणजे नामशेष झालेल्या कवचधारी सागरी प्राण्यांच्या जीवाश्मांच्या, काचेपाशी गेले.

बाबांचं सगळं आयुष्य भूशास्त्र शिकवण्यात गेलं. घर वाईला. दारातून बाहेर पडलं की बेसॉल्ट, पसरणीचा घाट चढला की बेसॉल्ट, पाचगणीच्या टेबललँडवर गेलं तर बेसॉल्टवर जांभा. लाव्हाच्या त्या थरांत अमोनाइट मिळण्याचा प्रश्नच नाही. वर्गात दाखवायला कच्छहून आणलेले थोडे नमुने असायचे, बाकी सगळी भिस्त पुस्तकातल्या आकृत्यांवर. या वेळी ते तोक्योला माझ्याकडे आले तेव्हा मी फुजी, क्योतो, नारा अशी यादी करून ठेवली होती. ती त्यांनी वाचली आणि शांतपणे बाजूला ठेवली. "क्योतो पुढच्या खेपेला. मला होक्काइदोचे हेटेरोमॉर्फ बघायचेत."

नेहमीचा अमोनाइट सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. चकलीसारखा: एका पातळीत, वेढ्याला वेढा चिकटलेला, वर काट्यांसारख्या धारा. आपल्या देव्हाऱ्यातल्या शाळीग्रामांमध्येही हिमालयातले असेच अमोनाइट असतात. हेटेरोमॉर्फ म्हणजे ज्यांनी हे चिकटून बसणं सोडलं ते. काहींचे वेढे एकमेकांपासून सुटलेले. काही मळसूत्री, वर चढत गेलेले. काही सरळ. काही थोडं सरळ जाऊन आकड्यासारखे परत वळलेले. आत राहणारा प्राणी मात्र त्याच कुळातला, म्हणजे माखली, म्हाकूळ, ऑक्टोपस यांचा लांबचा नातेवाईक. कवचात मागे हवेचे बंद कप्पे, कप्प्यांमधून गेलेली बारीक नळी आणि पुढच्या मोकळ्या भागात स्वतः प्राणी.

"आम्ही शिकत होतो ना," बाबा म्हणाले, "तेव्हाच्या पुस्तकांत यांच्याबद्दल एकच सूर असायचा. वंश म्हातारा झाला, नीट वेटोळं घालण्याची ताकद उरली नाही, म्हणून हे असे वाकडेतिकडे झाले आणि मग संपले. मी स्वतःही वर्गात सुरुवातीला तेच सांगत असे, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं."

हा समज खोडून काढणारा जीवाश्मशास्त्रज्ञ योस्ट वीडमान यांचा सविस्तर निबंध १९६९ मधला. हेटेरोमॉर्फ काही शेवटच्या घटकेला उगवलेले नाहीत. डायनासोरांच्या युगाचे ट्रायासिक, ज्युरासिक, क्रिटेशिअस असे ओळीने तीन कालखंड. ट्रायासिकच्या अखेरीस ते एकदा दिसतात, मध्य ज्युरासिकमध्ये पुन्हा दिसतात आणि क्रिटेशिअसमध्ये तर अनेक शाखा करून कोट्यवधी वर्षं समुद्रात नांदतात. त्यांच्यातल्या काहींच्या वंशजांनी पुढे पुन्हा घट्ट वेटोळं घातलं. ताकद संपलेल्यांना असं परत फिरता येत नाही. मला या प्रवासात बघायचं होतं ते हेच: हा गुंता आहे, की शिस्त आहे.

रविवार, मिकासा

होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं बेट. तिथल्या शिन-चितोसे विमानतळावर गाडी भाड्याने घेतली आणि उत्तरेला निघालो. सप्टेंबर संपत आला होता. भात कापणीला आलेला, कांद्याच्या शेतात भरलेल्या मोठमोठ्या पेट्या. बाबांसाठी मी तोक्योहूनच दशम्या आणि दाण्याची चटणी करून आणली होती, कारण इथे साध्या दिसणाऱ्या रश्शातसुद्धा माशाचा अर्क असतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारत बसणं त्यांना आवडत नाही.

मिकासा हे कोळशाचं गाव. होरोनाईची खाण १८७९ मध्ये सुरू झाली आणि तिचा कोळसा ओतारूच्या बंदरापर्यंत न्यायला १८८२ मध्ये रेल्वे इथवर आली. १९६० च्या सुमाराला गावाची वस्ती साठ हजारांवर होती. १९८९ मध्ये होरोनाई बंद झाली. आता आठ हजारही माणसं उरलेली नाहीत. रस्ते रुंद, घरं विरळ, आणि इकुशुन्बेत्सु वस्तीत १९२० च्या सुमाराला उभारलेला खाणीचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे.

अमोनाइटची ओळख जगाला झाली तीही कोळशाच्याच निमित्ताने. १८७० च्या दशकात बेंजामिन लायमन हा अमेरिकन भूवैज्ञानिक सरकारच्या नेमणुकीवर होक्काइदोचं सर्वेक्षण करत होता. त्या काळातल्या जीवाश्मांवरून एडमुंड नाउमान यांनी १८८० मध्ये इथे क्रिटेशिअस थर असल्याचं लिहिलं. मग योकोयामा, जिंबो असे जपानी अभ्यासक पुढे आले. आणि १९०४ मध्ये याबे हिसाकात्सु या पंचविशीतल्या तरुणाने 'निपोनाइटिस मिराबिलिस' जगापुढे ठेवला.

मिकासाच्या नगर संग्रहालयात शिरताच समोर अमोनाइटच अमोनाइट. काही माझ्या कमरेपर्यंत येणारे, एक मीटरहून मोठ्या व्यासाचे. दालनातल्या मोठ्या नमुन्यांना हात लावू देतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाबांनी एकाच्या पाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. सगळे मिळून सहाशेच्या आसपास अमोनाइट इथे मांडलेले आहेत. त्यातल्या अवाढव्य, देखण्या, घट्ट वेटोळ्यांना मागे टाकून आम्ही हेटेरोमॉर्फकडे वळलो.

निपोनाइटिस आकाराने मुठीएवढा. मी काचेला नाक लावून, वाकून, मग उकिडवं बसून तो सगळ्या बाजूंनी पाहिला. नळी तोंडाशी साधारण अंगठ्याइतकी जाड, तिच्यावर आडव्या बारीक धारा, एकीमागे एक, सारख्या अंतराने. नजर एका ठिकाणी ठेवून नळीचा माग काढायला लागलं की ती वर जाते, इंग्रजी 'यू'सारखी वळते, खाली उतरते, आतल्या वेढ्याला वळसा घालून पलीकडे निघते, तिथे उलट बाजूला पुन्हा 'यू'. कुठेही नळी नळीला नुसती लोटून दिलेली नाही, मधे सगळीकडे फट आहे. ती फट दिसावी म्हणून कुणीतरी खडक कणाकणाने कोरून काढलाय. अशा नमुन्याच्या साफसफाईला काय चिकाटी लागत असेल! बाहेरचा अमोनाइट मोकळा करणं वेगळं आणि वळणांच्या आतल्या कोपऱ्यात हत्यार घालून कवच न दुखावता खडक काढणं वेगळं.

"माग सापडला?" बाबांनी विचारलं.

"दोनदा सुटला. आता सापडला."

"डावीकडचं वळण आणि उजवीकडचं वळण मोज."

मी मोजली. एक डावं, एक उजवं, एक डावं, एक उजवं. चुकत नाही.

याबे यांनी वर्णन केलं तेव्हा अनेकांना हा एखाद्या आजारी, विकृत वाढीच्या प्राण्याचा नमुना वाटला होता. शंका रास्तच होती. पण पुढे होक्काइदोत याच वळणांचे, याच क्रमाचे आणखी नमुने मिळत गेले. आजार प्रत्येक प्राण्यात त्याच जागी, त्याच मापाने वळत नाही. हळूहळू हे कवच जपानच्या जीवाश्मशास्त्राचं मानचिन्ह झालं. तिथल्या जीवाश्मशास्त्र परिषदेच्या बोधचिन्हात निपोनाइटिस आहे आणि याबे यांच्या निबंधाच्या आठवणीत १५ ऑक्टोबर हा 'जीवाश्म दिन' पाळला जातो.

या वळणांमागचा नियम उलगडला तो १९८० च्या दशकात, ओकामोतो ताकाशी या जपानी अभ्यासकाने. त्यांनी संगणकावर कवच 'वाढवून' पाहिलं. त्यांचं म्हणणं सांगायला सोपं आहे. पाण्यात तरंगणाऱ्या प्राण्याला आपलं तोंड ठरावीक कोनाच्या आत ठेवायचं असतं, फार वर नको, फार खाली नको. कवच वाढतं तसा त्याचा तोल बदलतो आणि तोंड कलायला लागतं. ते एका टोकाच्या मर्यादेला पोचलं की वाढीची रीत बदलते: डावं मळसूत्र, सपाट वेढा, उजवं मळसूत्र, या तिघांपैकी एकातून दुसऱ्यात. एवढाच नियम संगणकाला दिला की पडद्यावर हुबेहूब निपोनाइटिस तयार होतो. त्याचा पूर्वज मानला जाणारा युबोस्ट्रिकोसेरस जापोनिकम साधा मळसूत्री आहे आणि तोही याच थरांत मिळतो. नियमातल्या आकड्यांत थोडा फरक केला की एकातून दुसरा निघतो. म्हणजे जे आपल्याला अचानक बिथरलेलं दिसतं, ते प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर एकाच गोष्टीचा सततचा सांभाळ आहे.

हे मी बाबांना काचेसमोर उभी राहून सांगत होते. ते ऐकत होते, आणि मधेच त्यांनी खिशातून वही काढून उभ्या उभ्या तीन रेघांत ती डावी-सपाट-उजवी अदलाबदल काढली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी फळ्यावर काय काढायचं याचाच विचार त्यांच्या मनात आधी येतो.

२०२० मध्ये निपोनाइटिसच्या त्रिमिती प्रतिकृतीवर तोलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही कवच पाण्यात तरंगत राहू शकत होतं आणि स्वतःभोवती फिरायला सोयीचं होतं, असंच दिसलं. हा प्राणी भक्ष्याचा पाठलाग करणारा नसणार. सावकाश तरंगत, फिरत, समोर येईल ते बारीकसारीक टिपणारा असणार. निपोनाइटिस काय खात होता याचा थेट पुरावा माझ्या माहितीत नाही, पण त्याचा सरळ कवचाचा नातेवाईक बॅक्युलाइट्स याच्या बाबतीत तो मिळालेला आहे. २०११ मध्ये दक्षिण डकोटातल्या नमुन्यांचे जबडे सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांखाली तपासले, तेव्हा दातांच्या पट्टीपाशी गोगलगायीची इवलीशी अळी आणि एका छोट्या कवचधारी प्राण्याचे तुकडे अडकलेले दिसले. शेवटचा घास तोंडातच राहिला होता.

बाकीची कपाटंही सोडवत नव्हती. पॉलिप्टिकोसेरस: सरळ नळी, मग मागे वळून तिला समांतर दुसरी, मग तिसरी. हायफँटोसेरस: सुटं मळसूत्र, त्यावर ठरावीक अंतराने उठून आलेल्या रुंद धारा. काही कवचांवर मूळचा शिंपल्याचा थर टिकून आहे, दिव्याखाली बाजूने पाहिलं तर त्यावर गुलाबी आणि हिरवी झाक फिरते. नऊ कोटी वर्षांपूर्वीची झाक. हे शक्य झालं ते गोट्यांमुळे. समुद्रतळाच्या चिखलात कवच गाडलं गेलं की भोवती चुन्याचा कठीण गोटा जमतो आणि वरून कितीही थर दाबले तरी आतलं कवच चेपत नाही. इतकी नाजूक, पोकळ, अधांतरी वळणं शाबूत मिळतात ती या गोट्यांच्या कृपेने.

संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा आम्ही शेवटचेच होतो.

सोमवार, इकुशुन्बेत्सु नदीकाठी

सोमवारी संग्रहालय बंद असतं, पण त्याच्या मागून नदीकाठाने जाणारी वाट खुली असते. जंगलातल्या जुन्या रेल्वेच्या मार्गावरूनच ती जाते. मिकासा २०१३ पासून जपानच्या मान्यताप्राप्त जिओपार्कांपैकी, म्हणजे भूवारसा जपणाऱ्या प्रदेशांपैकी, एक आहे, त्यामुळे जागोजागी पाट्या आहेत. अस्वलांची सूचनाही आहे. आम्ही पिशवीला घंटा बांधली होती. इथे हातोडा चालवायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे.

थर इथे जवळजवळ उभे आहेत. समुद्रतळावर आडवे साचलेले वाळूचे आणि चिखलाचे पदर पुढे पृथ्वीचं कवच सरकताना असे उभे केले गेले, की वाटेने आडवं चालत गेलं तरी काळात खाली उतरल्यासारखं होतं. आधी कोळशाचे काळे पट्टे येतात, पाच कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीचे. मग एका ठिकाणी पाटी आहे: एका ढांगेत पाच कोटी वर्षं. पाटीच्या एका बाजूला पाच कोटी वर्षांपूर्वीचा थर, दुसऱ्या बाजूला दहा कोटी वर्षांपूर्वीचा. मधला सगळा काळ इथल्या दगडात नाही. जमीन उचलली गेली, झिजली, आणि मग नव्या काळाचा गाळ जुन्यावर बसला.

मी ढांग टाकली आणि पुढे गेले. बाबा तिथेच थांबले.

"अगं, काय काय गेलं बघ या ढांगेत," ते म्हणाले. "तुझा कालचा निपोनाइटिस नऊ कोटींचा, तो यात. अमोनाइट संपले साडेसहा कोटींच्या थोडं आधी, तेही यात. आणि आपला वाईचा सगळा डोंगरसुद्धा यातच."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दख्खनचा लाव्हा ओतला गेला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास. त्याच्या वरच्या थरांच्या समूहाला भूशास्त्रात वाईचंच नाव आहे, वाई उपगट. अमोनाइटची अखेर आणि हा लाव्हा, दोन्ही एकाच काळातले. मेक्सिकोत चिक्शुलूबला आदळलेला लघुग्रह हे त्या संहाराचं मुख्य कारण मानलं जातं आणि दख्खनच्या लाव्हाचा त्यात वाटा किती यावर अभ्यासक अजून भांडताहेत. बाबांचं मत लघुग्रहाच्या बाजूला झुकतं, पण आपल्या घराखालच्या दगडाला ते पूर्ण निर्दोष मानायला तयार नाहीत.

"मग नॉटिलस कसा वाचला?" मी विचारलं. कवचाचा, कप्प्यांचा, तशाच घडणीचा. आजही प्रशांत महासागरात आहे.

"अंडी बघ. नॉटिलसची अंडी मोठी, थोडी, खोल पाण्यात. पिल्लू बाहेर येतं तेच चांगलं मोठं. अमोनाइटचं पिल्लू एखाद्या मिलिमीटरचं, वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या जिवांमध्ये वाढणारं. समुद्राचा वरचा थर नासला की आधी कोण जाणार?"

हे आजचं सर्वात पटणारं उत्तर आहे, सिद्ध झालेलं नाही. पण त्यात एक गोष्ट मला विशेष वाटते. निपोनाइटिस असो की बॅक्युलाइट्स, मोठेपणी कितीही निराळे दिसले तरी त्यांचं ते मिलिमीटरभराचं पहिलं कवच घट्ट वेटोळ्याचंच असतं. मोकळं होणं नंतर. आणि शेवट आला तो या वळणांमुळे आलेला नाही. घट्ट वेटोळ्याचे आणि मोकळ्या वेटोळ्याचे एकाच संकटात गेले. उलट डेन्मार्कमध्ये संहाराच्या सीमेच्या जरा वर जे मोजके अमोनाइट मिळालेत, ते बॅक्युलाइट्स आणि स्कॅफाइट्सच्या कुळातले आहेत, म्हणजे दोन्ही हेटेरोमॉर्फच. ज्यांना आपण म्हातारा वंश म्हणत आलो, ते शेवटच्या रांगेत उभे होते.

पुढे वाळूच्या दगडात ट्रिगोनियाच्या जाड त्रिकोणी शिंपल्यांचे थर दिसतात. उथळ, लाटांनी घुसळलेला समुद्र. मग बोगदा येतो. बाबा तिथून परत फिरले ते पाटीपाशी पुन्हा थांबले, आणि दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून त्यांनी माझ्याकडून फोटो काढून घेतला. ते सहसा फोटोला उभे राहत नाहीत.

मंगळवार, उत्तरेचा रस्ता

दिवस गाडीतच गेला. आसाहिकावा, नायोरो, बिफुका. सोया रेल्वेमार्ग आणि तेशिओ नदी बराच वेळ सोबत असतात. आसाहिकावाच्या पुढे रहदारी विरळ होत जाते आणि दोन गावांमधलं अंतर वाढत जातं. ज्या समुद्रतळाचे थर आम्ही बघत होतो, ते या बेटाच्या मधोमध दक्षिणेतल्या उराकावापासून उत्तरेला सोयापर्यंत पसरलेले आहेत आणि समुद्र ओलांडून साखालिनमध्ये पुढे जातात. येझो समूह म्हणतात त्यांना, जाडी जागोजागी दहा किलोमीटरपर्यंत. आशिया खंडाच्या काठावरचा समुद्र होता तो, आणि त्यात हा गाळ कोट्यवधी वर्षं येऊन पडत राहिला. पाऊस आला तेव्हा एका सेइकोमार्ट दुकानात थांबून चहा घेतला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

बुधवार, नाकागावा

नाकागावा गावातलं साकू. एकेकाळची माध्यमिक शाळा आता गावाचं संग्रहालय झालीय. आत अकरा मीटर लांबीचा सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा आहे आणि अमोनाइट भरपूर. येझो समूहातल्या एका थराला साकूचंच नाव आहे, साकू फॉर्मेशन. वाळू आणि चिखलाचे आलटून पालटून आलेले पदर. ज्या गावाचं नाव जगभरच्या निबंधांत छापलं जातं, त्याच्या स्टेशनावर सकाळी आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मिकासात निपोनाइटिससाठी सगळा वेळ गेला होता. इथे आम्ही साधे मळसूत्री नीट पाहिले. युबोस्ट्रिकोसेरस हातभर अंतरावर होता. सुरुवातीची वळणं एकमेकांजवळ, मग शेवटचं मोठं वळण खाली लोंबतं, तोंड वरच्या बाजूला उचललेलं. ते उचललेलं तोंड पाहिल्यावर ओकामोतोंचा नियम डोळ्यांपुढे उभा राहतो. एक न फोडलेला गोटाही ठेवला होता, बाहेरून नदीतल्या कुठल्याही धोंड्यासारखा, फक्त कडेला धारांची दोन बोटं रुंद पट्टी उघडी पडलेली. बाबांनी त्या पट्टीवरून आतल्या नळीची दिशा हवेत बोटाने काढून दाखवली. ती बरोबर होती की नाही हे गोटा फोडल्याशिवाय कळणार नाही, पण ज्या आत्मविश्वासाने त्यांचं बोट फिरलं तो पाहून मला फार बरं वाटलं. आकृत्यांवरून शिकवलेलं त्यांच्या हातात होतं.

दुपारी नदीकाठच्या बाकावर बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या. बाबा बराच वेळ वहीत लिहीत होते. मग म्हणाले, "हे लोक सुरुवातीला आपल्या अमोनाइटची मापं कशाशी जुळवून बघत होते, माहितीये?"

"कशाशी?"

"त्रिचनापल्लीच्या. स्टोलिच्का."

फर्डिनांड स्टोलिच्का हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला मोरावियाचा माणूस. दक्षिण भारतातल्या क्रिटेशिअस शीर्षपादांवरचा, म्हणजे अमोनाइट-नॉटिलस यांच्या गटावरचा, त्याचा ग्रंथ १८६० च्या दशकातच छापून झाला होता, म्हणजे होक्काइदोतला पहिला अमोनाइट शास्त्राच्या नजरेला पडायच्याही आधी. १८९० च्या दशकात फ्रान्झ कोसमाट यांनी दक्षिण भारतातल्या या जीवाश्मांचा पुन्हा अभ्यास केला. कोवळ्या जपानी अभ्यासकांसमोर तुलनेला आशियातलं एवढं तपशीलवार दुसरं काम नव्हतं. स्टोलिच्काने वर्णन केलेल्या मळसूत्री जातींपैकी एक आज युबोस्ट्रिकोसेरस इंडिकम म्हणून ओळखली जाते. सकाळी हातभर अंतरावर पाहिलेल्या त्या कवचाची सख्खी भावकी. स्टोलिच्का १८७४ मध्ये लडाखात वारला, छत्तिसाव्या वर्षी.

"बाबा, तुम्ही गेला होतात का तिकडे? अरियलूरला?"

"नाही गं. मुलांच्या सहली कच्छला नेल्या, तिकडे कधी जमलंच नाही. सुट्ट्या, पैसे, भाषा, काही ना काही आड यायचं."

मग त्यांनीच सगळं सांगितलं, जणू कालच जाऊन आले असावेत. तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात कराईची टेकाडं, उघडी, झाड नाही, पावसाने कोरलेल्या चिकणमातीच्या घळी. उन्हात चमकणारे जिप्समचे तुकडे. त्या मातीत टूरिलाइट्स, घट्ट मळसूत्री, आणि हॅमाइट्सच्या वळणांचे तुकडे. जवळच सातनूरला अठरा मीटर लांब दगड झालेलं झाडाचं खोड. तिथली बरीच माती सिमेंटच्या खाणींनी वेढलेली आहे, त्यामुळे जे बघायचं ते वेळेत बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात त्या घळींत उभं राहवत नाही, पावसाळ्यात पाय रुततो. जानेवारी बरा. मी फोनवर पुणे-तिरुचिरापल्ली गाड्या बघायला लागले, आणि ते वहीचं नवं पान काढून तिथल्या थरांची क्रमवारी लिहायला लागले: उत्तात्तूर, त्रिचनापल्ली, अरियलूर.